मार्चच्या रागात अर्ज लिहू नका

आदरणीय ताई,

माझं वय ५२. १९९७ च्या डिसेंबरात बीएसआरबीची, म्हणजे बँक भरती मंडळाची, परीक्षा देऊन एका सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागले. पुढे अधिकारी झाले आणि आज सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखा व्यवस्थापक आहे. आमची बँक २०२० साली दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली आणि तेव्हापासून मला माझीच बँक ओळखू येईनाशी झाली आहे. सकाळी साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर आजचं टार्गेट येतं, संध्याकाळी सहाला व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक, असते. ठेवी किती, वसुली किती हे सगळ्यात शेवटी विचारतात. आधी प्रश्न येतो, विम्याच्या पॉलिसी किती? ज्याचा आकडा शून्य, त्याला सगळ्यांच्या देखत खुलासा द्यावा लागतो. खुलासा मागणारे साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत.

गेल्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात साठीच्या एक बाई तीन लाखांची एफडी करायला आल्या. नवऱ्याच्या मागे मिळालेले पैसे होते. मी त्यांना एफडी न करता पॉलिसी दिली. ‘एफडीसारखीच आहे, वर विमाही मिळतो’ असं म्हणाले. पुढच्या वर्षी परत हप्ता भरावा लागेल हेही सांगितलं, पण हळू आवाजात. या जानेवारीत त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायला आल्या, तेव्हा त्यांना सगळं कळलं. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. ‘तुम्ही दिलंय म्हणजे बरोबरच असेल’ एवढं म्हणून परत गेल्या. त्या रात्री मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. अजून दिलेला नाही, पर्समध्ये आहे.

मिस्टर अनुदानित शाळेत शिक्षक आहेत, चार वर्षांनी निवृत्त होतील. मुलगी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सासूबाई आमच्याकडे असतात. घरकर्जाचे सहा वर्षांचे हप्ते बाकी. मिस्टर म्हणतात, आठच वर्षं राहिलीत, काढून टाक. मुलगी म्हणते, आई, सोड. मी पळ काढतेय का? आणि सोडलं तर पैशांचं जमेल का?

— एक वाचक, सांगली जिल्हा

*

नमस्कार.

‘पण हळू आवाजात’ हे तीन शब्द तुम्ही गाळू शकला असतात. पत्र वाचणाऱ्या मला ते कधीच कळलं नसतं. तुम्ही ते लिहिलेत, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता येतं. तुम्ही पळ काढत नाही आहात. पळ काढणारा माणूस कामापासून दूर जातो. तुम्हाला तुमचं काम हवं आहे आणि ते करायला मिळत नाही, हे तुमचं दुखणं आहे.

आता थोडं माझ्याविषयी, कारण त्याचा तुमच्या अर्जाशी संबंध आहे. मीही बँकेतलीच. २००१ च्या मार्चअखेर, वयाच्या ४७ व्या वर्षी, स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. तुम्ही तेव्हा नव्याने लागलेल्या होतात, तुम्हाला तो काळ आठवत असेल. सरकारी बँकांनी २००० सालच्या शेवटी योजना आणली: पंधरा वर्षं सेवा किंवा चाळिशी पूर्ण, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार. देशभरातून लाखाच्या आसपास माणसं एका झटक्यात घरी गेली. आमच्या शाखेत बावीस जण होतो, त्यातले सात गेले. त्या सातांत मी होते.

का गेले? माझ्या टेबलावरचं लेजर गेलं होतं, खात्यांच्या नोंदी करणारं एएलपीएम मशीन आलं होतं आणि पुढे सगळ्या शाखा एका तारेत जोडणार असं बोललं जात होतं. पण ते मी शिकले असते, मला शिकायला आवडायचं. मी गेले ते शेजारच्या तीन खुर्च्या रिकाम्या होणार म्हणून. जेवणाच्या सुट्टीत ज्यांच्याबरोबर डबा उघडायचा त्या तिघी जाणार, मग मी एकटी राहून काय करू, एवढाच विचार होता. पन्नाशीच्या आतली कमावती बाई एवढ्या कारणासाठी नोकरी सोडते, हे आज मला स्वतःलाच समजावून सांगता येत नाही. मिळालेली रक्कम मी मुदत ठेवीत टाकली आणि त्या व्याजावर घराचं गणित बसवलं. दोन-तीन वर्षांत व्याजाचे दर जवळजवळ निम्म्यावर आले. आम्ही उपाशी राहिलो नाही, पण मुलाच्या शिक्षणाला ठेवी मोडाव्या लागल्या.

हे सांगितलं ते तुम्हाला घाबरवायला नाही. सोडण्याचा निर्णय आपण घेतोय असं वाटतं, आणि कितीदा तरी तो आपल्याभोवतीची हवा आपल्याकडून घेववत असते, एवढंच मला दाखवायचं आहे. माझ्या वेळी ती हवा भीतीची होती, तुमच्या वेळी ती अपमानाची आहे. दोन्हींत माणूस आकडे नीट पाहत नाही.

म्हणून आधी त्या अपमानाकडेच नीट पाहू. तुमच्या शाखेत नेमकं काय बदललं?

आपण लागलो तेव्हा बँकेतल्या माणसाची किंमत त्याच्या ‘नाही’मध्ये होती. सही जुळत नाही, चेक पास होणार नाही. कागद अपुरे आहेत, कर्ज मिळणार नाही. कॅश पाच रुपयांनी कमी आहे, टॅली झाल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही. गावातली माणसं त्या ‘नाही’वर चिडायची आणि त्याच्याच जिवावर स्वतःचे पैसे बँकेकडे ठेवायची. नोटाबंदीत, २०१६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, तुमच्या शाखेबाहेर सकाळी सहापासून रांग लागली असेल. लोक सरकारवर चिडले असतील, पण नोटा मोजायला तुमच्याच हातात दिल्या. त्याआधी जनधनची खाती उघडायला गावोगाव तुम्हीच फिरलात.

बँकांना विमा विकायची वाट २००० नंतर मोकळी झाली. सुरुवातीला तो जोडधंदा होता. आता कमिशनचं उत्पन्न नफ्या-तोट्याच्या पत्रकात दिसतं, वरच्या माणसाची बढती त्यावर ठरते, आणि ती घाई व्हीसीच्या पडद्यातून उतरत उतरत तुमच्या टेबलापर्यंत येते. विक्रेत्याला ‘नाही’ म्हणण्याचा पगार मिळत नसतो. अठ्ठावीस वर्षांत तुम्ही गावात जो शब्द कमावलात, तोच आता खर्चायला सांगतात. त्या बाई ‘तुम्ही दिलंय म्हणजे बरोबरच असेल’ म्हणाल्या, त्या पॉलिसीबद्दल बोलतच नव्हत्या. त्यांनी तुमच्यावर ठेवलेला विश्वास विकला गेला होता, आणि हे त्यांच्या आधी तुम्हाला कळलं. रात्री झोप लागली नाही यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा कुठेही नाही.

हे फक्त आपल्यासारख्या जुन्या माणसांचं रडगाणं आहे असंही कोणी म्हणू नये. २०२४ च्या नोव्हेंबरात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीच मुंबईत बँकांच्या व्यासपीठावरून सांगितलं की विम्याची चुकीची विक्री थांबवा आणि बँकिंगच्या मूळ कामाकडे लक्ष द्या. ते शब्द तुमच्या झोनल ऑफिसपर्यंत पोचायला वेळ लागेल. पण तुम्ही एकट्या नाही, आणि तुमचं म्हणणं जुनाट नाही, एवढं त्यातून नक्की घ्या.

आता पर्समधल्या अर्जाकडे येऊ.

तो अर्ज मला पाहता आला नाही, म्हणून पहिली गोष्ट विचारते. त्यात ‘राजीनामा’ हा शब्द आहे का? असेल तर तो कागद आजच फाडा. बँकेच्या १९९५ च्या पेन्शन नियमांत राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. राजीनामा दिला की मागची सगळी सेवा बुडते आणि तिच्याबरोबर पेन्शनही. वीस वर्षं पूर्ण झालेल्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते, आणि तिला पेन्शन आहे. रागाच्या भरात ‘मी राजीनामा देत आहे’ असं लिहून नंतर कोर्टाच्या पायऱ्या चढणारे लोक मी पाहिले आहेत. आणि एकदा नोटीस दिली की ती परत घेणं तुमच्या मर्जीवर राहत नाही. जाण्याच्या तारखेआधी मागावी लागते आणि वरच्यांनी मंजूर केली तरच परत मिळते.

पेन्शनचं गणित मात्र तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरं आहे, आणि ते तुम्ही केलेलं दिसत नाही. पूर्ण पेन्शनसाठी सेवा ३३ वर्षं धरतात. शेवटच्या दहा महिन्यांच्या पगाराची सरासरी काढायची, तिचा निम्मा भाग म्हणजे पूर्ण पेन्शन. सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. समजा सरासरी एक लाख आली, तर २८ वर्षांना ४२ हजार ४०० च्या आसपास आणि ३३ वर्षांना ५० हजार, वर महागाई भत्ता. आता त्याच नियमांत एक कलम आहे: स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याच्या सेवेत जास्तीत जास्त पाच वर्षं मिळवतात. अट एवढीच की एकूण ३३ च्या वर जायचं नाही आणि साठीची तारीख ओलांडायची नाही. तुमची २८ आणि ही पाच. मोजा.

आमच्या वेळी बऱ्याच बँकांनी ही पाच वर्षं द्यायला नकार दिला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००९ साली निकाल कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागला. आठ वर्षं त्यात गेली. म्हणून तोंडी हिशेबावर जाऊ नका. पेन्शन विभागाकडून तुमच्या पात्र सेवेची वर्षं आणि मिळवायची वर्षं लेखी मागून घ्या. अधिकाऱ्यांच्या असोसिएशनच्या जुन्या माणसाला बरोबर घेतलंत तर ते लवकर मिळतं.

म्हणजे मिस्टर ज्या आठ वर्षांसाठी थांब म्हणतात, त्यांच्यामुळे पेन्शनच्या कोष्टकात सेवेचं एकही वर्ष तुमच्या खात्यात वाढत नाही. पडतो तो फक्त वाढलेला पगार. पण इथेच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि घरी बसून याचा विचार कोणी करत नाही. बँकेतली पेन्शन पुढच्या पगारकरारांबरोबर वाढत नाही. महागाई भत्ता बदलत राहतो, पण मूळ पेन्शन ज्या करारात तुम्ही बाहेर पडलात तिथेच आयुष्यभर थांबते. माझी २००१ साली जिथे थांबली, तिथेच आहे. माझ्यानंतर दहा वर्षांनी त्याच पदावरून निवृत्त झालेल्या मैत्रिणीची पेन्शन माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. काम तेच, खुर्ची तीच.

सध्याचा बारावा पगारकरार १ नोव्हेंबर २०२२ पासून आहे आणि ३१ ऑक्टोबर २०२७ ला त्याची पाच वर्षं संपतात. नवा करार सहीला उशीर झाला तरी मागच्या तारखेपासून लागू होतो, आजवर तसंच होत आलं आहे. दहा महिन्यांची सरासरी सगळी नव्या पगारावर यायची असेल तर नोव्हेंबर २०२७ नंतर दहा महिने धरा. म्हणजे २०२८ च्या सप्टेंबरपर्यंत. मिस्टर म्हणतात ती आठ वर्षं विसरा. पैशांच्या दृष्टीने खरा उंबरठा अडीच वर्षांवर आहे. त्यापुढे थांबलात तर ते पगारासाठी आणि तुमच्या इच्छेसाठी, पेन्शनच्या भीतीपोटी नव्हे.

अडीच वर्षं हा आकडा वाचून तुम्हाला काय वाटलं, ते कागदावर लिहून ठेवा. ‘बापरे, अजून अडीच’ असं वाटलं की ‘एवढंच?’ असं वाटलं? मला विचाराल तर तुमच्या निर्णयाचा अर्धा भाग त्या पहिल्या क्षणात आहे.

कारण मला अजून एक कळलेलं नाही. तुम्हाला नोकरी सोडायची आहे की खुर्ची? शाखा व्यवस्थापकाची खुर्ची सोडली तरी बँक सुटत नाही. कर्ज प्रक्रिया केंद्रात फायली तपासायचं काम असतं. नोटा साठवायची करन्सी चेस्ट आहे, चेक वटवणारी सर्व्हिस ब्रँच आहे, तपासणी विभाग आहे, प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे कामाचा ढीग असतो, पण विम्याचा आकडा रोज कोणी विचारत नाही. तुमच्यासारख्या, क्लार्कपासून वर आलेल्या, हाताने व्हाउचर लिहिलेल्या माणसाची त्या जागांवर खरी गरज आहे. आजच्या प्रोबेशनरला सिस्टीम काय दाखवते ते कळतं, पण ती तसं का दाखवते ते सांगणारं कोणी उरलेलं नाही.

म्हणून बदलीचा अर्ज करा. लेखी करा, पोच घ्या. कारण खरं लिहा: घरी वयस्कर सासूबाई आहेत, अठ्ठावीस वर्षं शाखांमध्ये काढली, आता तपासणी किंवा प्रक्रिया विभागात काम करायची इच्छा आहे. व्हीसीतल्या अपमानाची तक्रार त्याच कागदात घुसवू नका, तो वेगळा विषय आहे आणि तो असोसिएशनमार्फत न्या. खुर्ची सोडली म्हणजे पद गेलं असं गावात बोलतील. दोन महिने बोलतील. बदली कोल्हापूरला झाली तर रोजचा प्रवास आहे, पुण्याला झाली तर घर दोन ठिकाणी होईल. या गैरसोयी खऱ्या आहेत, त्या घरी आधी बोलून घ्या.

काही बँकांत महिला कर्मचाऱ्यांसाठी बिनपगारी दीर्घ रजेची योजनाही आहे. तुमच्या बँकेचं परिपत्रक काढून पाहा. फक्त लक्षात ठेवा, बिनपगारी काळ पेन्शनच्या सेवेत सहसा धरत नाहीत. मला स्वतःला रजेचा मार्ग तुमच्यासाठी फारसा पटत नाही. तुम्ही थकलेल्या असतात तर मी रजा घ्या म्हटलं असतं. तुम्ही दुखावलेल्या आहात. सहा महिन्यांनी परत त्याच व्हीसीत जाऊन बसायचं असेल तर रजेने काय होणार?

आणि बदली मिळूनही मन लागलं नाही, किंवा मिळालीच नाही, तर? तर जा. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा कोणा बाईसमोर आवाज हळू करायची वेळ येणार असेल, तर २०२७ च्या कराराची वाट पाहू नका. वाढीव पेन्शनचे ते काही हजार रुपये मोलाचे आहेत हे मी वर पानभर सांगितलं, आणि तरीही हे सांगते. प्रत्येक मार्चमध्ये तशी एक बाई येणार, आणि तुम्ही त्या सगळ्यांचे चेहरे लक्षात ठेवणाऱ्यांपैकी आहात.

जाण्याआधी तीन-चार गोष्टी मात्र हातावेगळ्या करा. तुमच्या सहीने दिलेली कर्जं पाहा. एखादं खातं एनपीए, म्हणजे थकीत, होऊन त्याची जबाबदारी ठरवण्याची चौकशी चालू असेल तर अर्ज अडतो आणि पैसेही अडकतात. म्हणून आधी त्या फायली स्वच्छ करा, नोंदी पूर्ण आहेत ना बघा. घरकर्ज कर्मचारी दराने असेल, तर निवृत्तीनंतर तो दर राहतो का, हे लेखी विचारा. पेन्शनचा एक तृतीयांश भाग एकरकमी विकता येतो आणि पंधरा वर्षांनी तो पूर्ववत होतो. त्या पैशांतून घरकर्ज फेडण्याचा मोह होईल. ५२ व्या वर्षी विकलात तर ६७ पर्यंत कमी पेन्शनवर राहाल, तेव्हा मोह धरण्याआधी मिस्टरांच्या निवृत्तीचं गणित शेजारी मांडा. शाळा पूर्ण अनुदानित असेल आणि ते १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागले असतील तर त्यांना जुनी पेन्शन आहे आणि तुमचं घर दोन पेन्शनांवर उभं राहील. नसेल तर तुमचं एकटीचं पेन्शन हाच खांब आहे. शिल्लक पीएलचे, म्हणजे साठलेल्या हक्काच्या रजेचे, जे पैसे मिळतील, त्यांवर २५ लाखांपर्यंत प्राप्तिकर नाही. ते पैसे मुलीच्या शेवटच्या वर्षासाठी बाजूला ठेवा आणि कोणत्याही योजनेत अडकवू नका.

आरोग्य विमा विसरू नका. नोकरीत असताना बँकेच्या गट विम्याचा हप्ता बँक भरते, बाहेर पडल्यावर त्याचा भार आपल्या खिशावर येऊ शकतो आणि वयाबरोबर चांगलाच टोचतो. स्वेच्छानिवृत्तांना तुमच्या बँकेत त्या योजनेत घेतात का, आणि आजचा हप्ता किती, हे दोन प्रश्न नोटीस देण्याआधी विचारा. आमच्याकडे हा विमा तेव्हा नव्हता. माझ्या यजमानांच्या बायपासच्या वेळी आम्ही जे सोसलं, ते तुम्ही सोसू नये असं मला मनापासून वाटतं.

आता एक गोष्ट जी कुठल्या परिपत्रकात सापडणार नाही. नोकरी सोडलेली बाई घरात ‘मोकळी’ धरली जाते. मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरी बसले आणि मेच्या शेवटापर्यंत सासऱ्यांचं पथ्यपाणी, नणंदेच्या मुलांच्या सुट्ट्या, दोन्हीकडची लग्नं, गॅसवाला, शिंपी, सगळं आपसूक माझ्याकडे आलं होतं. कोणी लादलं नाही. कोणी विचारलंही नाही. नोकरीत असताना मला निदान पाच वाजता सुटी होती. तुमच्या घरी सासूबाई आहेत. त्यांचं करायला तुम्ही तयार असाल, ते चांगलंच आहे, पण तुम्ही बँक सोडली म्हणून मिस्टरांची वाटणी कमी होत नाही, हे अर्ज देण्याआधी त्यांच्याशी बोला. मिस्टर आणि मुलगी, दोघांनाही समोर बसवून बोला. मुलगी ‘सोड’ म्हणते ती प्रेमाने, मिस्टर ‘काढ’ म्हणतात तेही काळजीने. दोघांनीही तुम्हाला दिवसभर काय करायला आवडेल हे विचारलेलं पत्रात दिसलं नाही. तुम्ही तरी स्वतःला विचारलंय का? मला बाहेर पडल्यावर चार वर्षांनी कळलं की मला हिशेब शिकवायला आवडतं. मग बचतगटांच्या बायकांना खतावणी लिहायला शिकवायला लागले, ते अजून चालू आहे. ती चार वर्षं वाया गेली याची मला आजही चुटपुट आहे.

हे पत्र मी फेब्रुवारीत लिहितेय. तुमच्याकडे क्लोजिंगचं वारं सुरू झालं असेल, व्हीसी दिवसाला दोनदा होत असेल. म्हणून माझं सांगणं, अर्ज पर्समधून काढा आणि घरच्या कपाटात ठेवा. फाडू नका, द्यायचाही नाही. बदलीचा अर्ज मात्र याच महिन्यात द्या, एप्रिल-मेमध्ये बदल्यांच्या याद्या निघतात. पेन्शन विभागाला पत्रही याच महिन्यात पाठवा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कपाटातला अर्ज परत वाचा. तेव्हाही तो तितकाच खरा वाटला, तर तारीख घालायची.

पण त्या बाईंचं काम जूनपर्यंत थांबणार नाही. गेल्या मार्चमध्ये पॉलिसी दिलीत म्हणजे त्यांचा दुसरा हप्ता येत्या महिन्यात आहे. त्या तुमच्या शब्दाखातर कुठून तरी पैसे उभे करून तो भरतील, याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. त्यांना फोन करा आणि हप्ता भरण्याआधी भेटायला सांगा. पॉलिसी परत करायची तीस दिवसांची मुदत केव्हाच संपली. पण साधी, बाजाराशी न जोडलेली पॉलिसी असेल, तर १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असला तरी वर्ष संपल्यावर सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मोडल्याची, काही रक्कम मिळते. पूर्वी तीही मिळत नसे. युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेली पॉलिसी, असेल तर पाच वर्षांचं कुलूप आहे, मग पुढचे हप्ते थांबवून काय हातात येईल हे कंपनीकडून लेखी घ्यावं लागेल.

आधी विमा कंपनीच्या तुमच्या भागातल्या अधिकाऱ्याशी तुम्ही स्वतः बोला. तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे त्या बाईंच्या सहीने अर्ज, मग पुण्यातल्या विमा लोकपालांकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. त्या अर्जात पॉलिसी कोणी आणि काय सांगून दिली हे लिहावं लागेल, म्हणजे तुमचं नाव येईल. त्याचा त्रास होऊ शकतो, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. तरीही तो अर्ज त्यांना नीट मराठीत लिहून देणारी व्यक्ती गावात तुम्हीच आहात असं मला वाटतं. आणि ते तुम्ही खुर्चीवर आहात तोवरच सोपं आहे. नंतर ना ती फाईल तुमच्या हाती असेल, ना कंपनीचा माणूस तुमचा फोन उचलेल.

त्यांना बोलावताना पॉलिसीची मूळ प्रत, पहिल्या हप्त्याची पावती आणि पासबुक आणायला सांगा. डोळ्याचं ऑपरेशन झालं नसेल तर कागद तुम्हीच त्यांना वाचून दाखवा, एकेक ओळ, मोठ्या आवाजात.